ब म्हणजे चार

गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी दुपारी आमच्या देहूरोडच्या घराच्या फाटकाशी दोन मुलं घुटमळत होती. आजी व्हरांड्यात गहू निवडत बसली होती. तिनं विचारलं, तेव्हा त्यातला एक म्हणाला, "आजी, इथे कुठेतरी एक डबी लपवलेली आहे. ती शोधतोय." आजीनं त्याच्या हातातला कागद मागून घेतला आणि चष्मा लावून वाचला. मी आतून बाहेर येईपर्यंत तिचं वाचून झालं होतं. कागदावर अ, ब, क, ड अशी चार अक्षरं होती. 'ब'च्या पुढे लिहिलं होतं : दुसरी रांग, सर्वांत लहान कबर, मृत्यूच्या वर्षाचा शेवटचा अंक. त्याखाली पेन्सिलीनं, ब = ४.

ती कबर आजीच्या पहिल्या मुलाची आहे. १९६४ साली तो तीन महिन्यांचा होऊन गेला. कोडं मी रचलं होतं.

या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. (आजीला 'कॅश' म्हणजे पैसे वाटले आणि ते फाटकाशी का ठेवलेस म्हणून ती आधी त्यासाठीच रागावली.) १ मे २००० रोजी अमेरिकेनं जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि एका दिवसात साध्या माणसाच्या हातातलं यंत्र कितीतरी पट अचूक झालं. दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं ऑरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळ एक बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. आत पुस्तकं होती, थोडे पैसे होते, एक गलोलही होती. सापडलं तर एक वस्तू घ्या, एक ठेवा, वहीत नाव लिहा, एवढाच नियम. आता जगभर अशा लाखो डब्या आहेत आणि जुनी कबरस्थानं हे त्यांचं आवडतं ठिकाण आहे. तिथं शांतता असते, झाडं असतात आणि दगडांवर आकडे असतात. कोडं रचणाऱ्याला आकडेच हवे असतात. चार दगडांवरून चार अंक घ्यायचे, ते सूत्रात घालायचे आणि शेवटच्या डबीची जागा काढायची.

देहूरोडला डबी कुठेही ठेवता येत नाही. इथं लष्कराचा डेपो आहे, छावणी आहे. त्यातून १३ फेब्रुवारी २०१० ला पुण्यात जर्मन बेकरीत एका बेवारस पिशवीनं काय केलं ते इथल्या शाळकरी मुलालाही माहीत असतं. म्हणून मी डबी आमच्याच कंपाउंडच्या भिंतीत, आतल्या बाजूला ठेवली आणि कबरस्थानातून फक्त आकडे घेतले. तिथं काही ठेवायचं नाही, काही हलवायचं नाही, नुसतं वाचायचं. मला माझ्या सभ्यपणाचं कौतुकच वाटलं होतं.

आमचं घराणं नगरकडचं. अमेरिकन मराठी मिशनचं काम तिथं १८३१ पासूनचं, त्यात आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले. आजोबा डेपोत नोकरीला लागले म्हणून इकडे आले. इथल्या कबरस्थानात आमची पाच माणसं आहेत. त्यामुळे परवानगीचा प्रश्न मनात आला तेव्हा मी तो एका वाक्यात मिटवला होता : माझीच माणसं आहेत. पहारेकऱ्याला तेवढं विचारलं, तोही हो म्हणाला.

आजी त्या मुलांना काही बोलली नाही. डबी कुठे आहे ते त्यांना सांगून टाकलं, पाणी दिलं. ती गेल्यावर मला म्हणाली, "तू त्याला कधी काका म्हणालीस का गं?"

नव्हते म्हणाले. माझ्या बाबांचा हा थोरला भाऊ, म्हणजे माझा थोरला काका. घरात त्याचा उल्लेख 'ते बाळ' असाच होतो. म्हणजे ज्या नात्याच्या जोरावर मी त्याचं मृत्युवर्ष वापरलं, ते नातं मी आयुष्यात पहिल्यांदा, वापरायच्या वेळीच आठवलं होतं.

इथे गंभीर चेहरा करून 'मेलेल्यांच्या जागी खेळ नको' म्हणणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. आमच्याकडे ईस्टरच्या पहाटे सगळी मंडळी कबरस्थानात जातात, गाणी होतात, आदल्या दिवशी कबरींना चुना लावताना पोरं त्यांच्यावरून उड्या मारतात आणि कुणी हटकत नाही. इंद्रायणीकाठानं खाली आळंदीला जा, १२९६ सालच्या समाधीभोवती केवढा गजबजाट असतो. दर्ग्याच्या उरुसात पाळणे लागतात. मेलेल्यांना शांतता लागते ही कल्पना आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. अमेरिकेत साउथ कॅरोलायना राज्यात २००५ साली परवानगीशिवाय कबरस्थानात हा खेळ खेळण्यावर बंदी घालणारं विधेयक कनिष्ठ सभागृहानं मंजूर केलं होतं. पुढे त्याचा कायदा झाला नाही. मला तो कायदा झाला असता तरी उत्तर मिळालं नसतं, कारण परवानगी माझ्याकडे होती. निदान तसं मला वाटत होतं.

मेलेल्याला यातलं काही लागतं का? ॲरिस्टॉटलनंही हा प्रश्न टाळलेला नाही. मागे राहिलेल्यांच्या बऱ्यावाईटाचा मृतांवर काहीच परिणाम होत नाही असं म्हणणं त्याला रुक्ष वाटतं, आणि फार होतो असंही तो म्हणत नाही. ते मी त्याच्यावरच सोडते. मला टोचलं ते वेगळंच होतं. मी दगडावरून आकडा घेतला आणि नाव तिथंच सोडलं. ब म्हणजे चार. कोडं सोडवायला त्याचं नाव वाचायची गरजच मी ठेवली नव्हती.

यानंतर मी खडकीच्या युद्ध कबरस्थानात गेले. दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेहून जास्त सैनिकांच्या कबरी तिथं आहेत, एका उंचीच्या दगडांच्या, हुद्द्याचा भेद न करता. ओळीतून चालताना वाटतं, समानता दिसते ती अशी. पण ज्या राष्ट्रकुल आयोगाकडे ही कबरस्थानं आहेत, त्याच्याच समितीनं एप्रिल २०२१ मध्ये कबूल केलं की पहिल्या महायुद्धातल्या ४५ ते ५४ हजार मृतांचं, त्यात भारतीय आणि आफ्रिकी बहुसंख्य, स्मारक इतरांसारखं झालं नाही. आणखी किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, माणसांची नावं कुठेच कोरली गेली नाहीत. मुख्यतः पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन. त्यांचे आकडे तेवढे राहिले, तेही अंदाजे. माझं कोडं आणि हा अन्याय एका मापाचे नाहीत, हे मला कळतं. तरी नाव गाळून आकडा ठेवण्याची ती सवय मला ओळखीची वाटली. तळवड्याच्या ऑफिसात दिवसभर मी तेच करते, माणसांच्या नोंदींना क्रमांक देते, आणि तिथं ते योग्यच असतं.

मग मी परवानग्या नीट घ्यायला निघाले. 'ब' आजीचा. तिनं सांगितलं, "ठेव. पण आधी त्याचं नाव लिहायला लाव, मग आकडा." 'अ' माझ्या पणजीचा होता, तिथं विचारायला आजीच. 'क'च्या घरचे चिंचवडला सापडले. त्यांना खेळ समजावून सांगेपर्यंत चहा दोनदा झाला आणि शेवटी ते नको म्हणाले. कारण दिलं नाही, द्यायची गरजही नव्हती. ती कबर मी वगळली.

'ड'चं कुणीच सापडत नाही. दगडावर एका बाईचं नाव आणि दोन वर्षं, बस. मंडळीतल्या म्हाताऱ्यांना ती आठवत नाही, जुन्या वहीतही कुटुंबाची नोंद नाही. माझ्याच नियमाप्रमाणे तिला वगळायला हवं, कारण तिच्या वतीनं हो म्हणणारं कुणी नाही. पण मग ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांचीच नावं वाचली जाणार आणि जिचं कुणी नाही तिच्यापाशी कुणीच थांबणार नाही. गेल्या वर्षभरात त्या दगडासमोर उभी राहिलेली माणसं माझ्या कोड्यामुळेच आली होती, आणि त्यातल्या एकीनं तिथलं गवत उपटलं होतं, हे डबीतल्या वहीत लिहिलेलं आहे. उलट बाजूनं, वारस नाही म्हणून वापरायला मोकळी, हा हिशेब तर जमिनी बळकावणारेही करतात.

सध्या कोडं बंद ठेवलं आहे. ईस्टरच्या आदल्या दिवशी आजीला रिक्षानं घेऊन गेले. गुडघ्यांमुळे ती सहा वर्षं आली नव्हती. बाळाच्या कबरीला चुना लावून झाल्यावर डब्यात थोडा उरला. आजीनं विचारलं, "ती तुझी ड कुठली?" मी दाखवली. "नाव काय म्हणालीस?" मी वाचून दाखवलं. तिनं एकदा ते स्वतःशी म्हटलं आणि ब्रश माझ्या हातात दिला.