यात्रेची आखणी आणि श्रद्धा

श्रींच्या दर्शनास येणाऱ्या अनेक भाविकांच्या मनात, आयुष्यात एकदा तरी पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथ घडावे, अशी इच्छा असते. नेपाळ हा शेजारचा देश. तेथे जाण्यास भारतीय नागरिकांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र मूळ स्वरूपात जवळ असावे. नागपूरहून रेल्वेने गोरखपूर गाठावे आणि तेथून सोनौलीची सीमा ओलांडावी, की नेपाळची भूमी लागते. मार्ग असा सरळ असला, तरी निघण्यापूर्वी घरोघरी एक वाद होतो. वडीलधारी मंडळी म्हणतात, "देवाचे बोलावणे आले की निघावे, त्याला हिशेब कसला?" मुले म्हणतात, "मुक्काम, औषधे, पैसे यांचा विचार न करता निघणे हा अविचार होय." यांत खरे कोणाचे?

प्रथम हे ध्यानात घ्यावे, की आपल्याकडे कोणतेही धर्मकार्य संकल्पावाचून होत नाही. संकल्पात कर्ता देश, काल, तिथी, वार यांचा उच्चार करतो आणि कार्य 'यथाशक्ती' करीन असे म्हणतो. म्हणजे आपण कोठे आहोत, वेळ कोणती आहे आणि आपली शक्ती किती, हे ओळखूनच हातावरचे पाणी सोडावयाचे असते. आखणी ही श्रद्धेच्या विरोधात नाही. ती संकल्पाचाच विस्तार होय.

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे, तर मुक्तिनाथ सुमारे ३,७०० मीटरवर. तेथे हवा विरळ असते आणि १०८ धारांचे पाणी अतिशय थंड असते. सत्तरीतील मातेला पोखरा, जोमसोम येथे विसावा न देता एका दमात तेथे नेणे, याला भक्ती म्हणता येणार नाही. त्याचबरोबर, तिला न विचारता परस्पर 'आईला झेपणार नाही' असे ठरवून टाकणे हेही योग्य नव्हे. देह तिचा आहे आणि आयुष्यभर जपलेली इच्छाही तिचीच आहे. वैद्यकीय सल्ला घ्यावा, धोका समजावून सांगावा आणि मग तिचे म्हणणे शांतपणे ऐकावे. कदाचित ती स्वतःच म्हणेल, की काठमांडूला पशुपतिनाथाचे दर्शन झाले तरी पुरे.

आखणीला मर्यादाही आहे. संत एकनाथांची कथा प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. काशीहून गंगोदकाची कावड घेऊन नाथ रामेश्वरास निघाले असता, वाटेत तहानेने तळमळणारे गाढव दिसले आणि नाथांनी ते जल त्याच्या मुखी घातले. या कथेतील करुणा सर्वांना आठवते. परंतु नाथांनी मुळात काळजीपूर्वक कावड भरून आणली नसती, तर त्या जिवाला पाजण्यास पाणी कोठून आले असते? कावड भरणे ही आखणी, आणि प्रसंगी ती रिती करणे ही श्रद्धा. दोहोंपैकी एक जरी नसते, तरी ते गाढव तहानलेलेच राहिले असते.

म्हणून कार्यक्रम आखताना एखादा दिवस आणि थोडा पैसा मोकळा ठेवावा. वाऱ्यामुळे जोमसोमचे विमान रद्द झाले, सहयात्रेकरू आजारी पडला, दर्शन हुकले, तर यात्रा निष्फळ झाली असे मानू नये. आजाऱ्याच्या उशाशी काढलेली रात्रही तीर्थातच जमा होते.

अखेरचा विचार यजमान भूमीचा. ज्या नागपुरात १९५६ साली दीक्षाभूमीवर धम्मदीक्षेचा सोहळा झाला, त्या नगरीतील बौद्ध बांधवही याच सोनौलीच्या वाटेने लुंबिनीस जातात. तेथे सम्राट अशोकाचा स्तंभ आहे. राज्याभिषेकानंतर वीस वर्षांनी आपण स्वतः येथे येऊन पूजा केली, तसेच या गावाला करात सूट दिली, असे त्यावर कोरलेले आहे. यात्रेकरू आला आणि गावाचा भार हलका झाला! सामान्य भाविकाला कर माफ करता येत नाही. पण ओझे वाहणाऱ्या भारवाहकाशी मजुरीसाठी हुज्जत न घालणे, बागमतीच्या काठी जळणाऱ्या चितेचे छायाचित्र न काढणे, पर्वतावर प्लास्टिकच्या बाटल्या न टाकणे, एवढे तर प्रत्येकास साधेल.

तात्पर्य, वडिलांचेही खरे आणि मुलांचेही खरे. निघण्यापूर्वी हिशेब नीट करावा, आणि वाटेत कोणाची गरज समोर आली तर तो मोडण्याची तयारी ठेवावी. अशी यात्रा सर्व भाविकांना घडो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.