दुपट्ट्याखालची बोटे

पोळ्याच्या आधीच्या बाजाराला आजोबा मला लहानपणी बरोबर नेत. बैलबाजारात भाव तोंडाने ठरत नसे. घेणारा आणि देणारा, किंवा मधला दलाल, खांद्यावरचा दुपट्टा हातांवर टाकीत आणि आत एकमेकांची बोटे धरून बोलत. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी सौदा किती रुपयांवर आला आहे, ते त्या हातांनाच ठाऊक. मला ती लबाडी वाटे. उघड सांगायला काय होते, असे मी आजोबांना विचारले, तेव्हा त्यांनी उत्तर दिले नाही. नुसते बैलाकडे बोट दाखवले. बैल उघड्यावर उभा होता. त्याचे तोंड उघडून कोणी दात मोजीत होता, कोणी चार पावले चालवून पाय पाहत होता, कोणी तो मारका आहे की बसका याची परीक्षा घेत होता.

आजोबांचे ते बोट मला पुन्हा आठवले ते मोटारीच्या दुकानात. २०१९ च्या दसऱ्याला मी जुनी गाडी बदल्यात देऊन नवी घेतली. नागपुरातल्या त्या काचेच्या दालनात सारे उलटे होते. किंमत भिंतीवर झगझगीत अक्षरांत, आणि गाडीवर लाल रेशमी कापड! ते ओढून काढण्याचा आणि छायाचित्र घेण्याचा तिथे एक सोहळाच असतो. बाजारात भाव झाकलेला आणि माल उघडा. इथे माल झाकलेला आणि भाव उघडा.

बरे, तो भाव तरी उघडा होता का? विक्रेता मोठा लाघवी मुलगा होता. गाडीला किती द्याल, असे त्याने एकदाही विचारले नाही. "सर, महिन्याला किती झेपेल?" एवढाच त्याचा प्रश्न. जुन्या गाडीला मी पाच हजार वाढवून मागितले, त्याने हसत दिले. नंतर पाहतो तो नव्या गाडीवरची तेवढीच सूट कमी झालेली. एका खिशातले दुसऱ्या खिशात गेले, आणि मी मात्र जिंकल्याच्या आनंदात चहा प्यालो. कर्ज पाच लाखांचे, पाच वर्षांचे, व्याज 'फ्लॅट' सहा टक्के. म्हणजे व्याज दीड लाख आणि हप्ता १०,८३३ रुपये. पुढे कधीतरी वही घेऊन बसलो तेव्हा उमगले, की दरमहा मुद्दल फिटत असले तरी व्याज शेवटच्या हप्त्यापर्यंत पुऱ्या पाच लाखांवरच लागत होते. उरलेल्या मुद्दलावर हिशेब केला तर तो दर अकरा टक्क्यांच्या जवळ जातो. आणि सरळव्याज मी मुलांना फळ्यावर शिकवतो! त्या मुलाने खोटे एक अक्षर सांगितले नव्हते. सहा म्हणजे सहाच. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने अशा कर्जाचा खरा वार्षिक दर एका पत्रकावर आधी लिहून द्यावा लागतो, म्हणजे दुपट्ट्याचे एक टोक कायद्याने वर उचलले. पण तोवर माझे बरेचसे हप्ते फिटून गेले होते.

वाढीव हमीची गंमत तर याहून मोठी. तासभर ज्या गाडीची तारीफ ऐकली, ती तिसऱ्या वर्षी कशी दगा देईल याचे वर्णन त्याच तोंडून ऐकावे लागले. मी भ्यालो आणि हमीचे पैसे भरले. क्लचची प्लेट, ब्रेकची पॅड, म्हणजे जे झिजणारच, ते त्या हमीत बसत नाही, हे मागून वाचले.

इथवर वाचून वाचक माझ्याबद्दल हळहळतील. त्यांनी जरा थांबावे.

माझी जुनी गाडी तापत असे. वीसेक किलोमीटर गेले की काटा वर चढायचा. मिस्त्रीने हेड गॅस्केट गेल्याचे सांगितले होते आणि खर्चाचा आकडाही. तो ऐकूनच मी नवी गाडी घ्यायचे ठरवले. तोच म्हणाला, "सर, सकाळी थंडी गाडी नेऊन द्या. तो काय काटोलपर्यंत चालवते थोडीच! पाच मिनिटं फिरवते अन् कागद भरते." मी कूलंट काठोकाठ भरून सकाळी गाडी नेली. तपासणाऱ्याने एक फेरी मारली आणि म्हणाला, "मास्तरांची गाडी आहे. काही असतं तर सर बोललेच असते." मी बोललो नाही. एक लाख चाळीस हजार ठरले.

माझ्या एका वकील मित्राशी पुढे या विषयावर बोलणे झाले. अर्थात दुसऱ्या कोणाची तरी हकीकत म्हणून. त्याने १८७२ चा करार कायदा काढला. सतराव्या कलमाखाली घोड्याची उदाहरणे आहेत. (कायदा लिहिणारे साहेब, म्हणून घोडा, आपल्याकडच्या कोणी लिहिला असता तर बैल आला असता.) लिलावात घोडा विकणाऱ्याला त्याचे व्यंग ठाऊक आहे आणि तो गप्प राहतो: ही फसवणूक नव्हे. हे ऐकून मला हायसे वाटले. पण पुढचे उदाहरण असे, की घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर मात्र सांगणे त्याचे कर्तव्य. आणि त्याच्या पुढचे असे, की घेणारा म्हणतो, 'तुम्ही नाही म्हटले नाही, तर घोडा धड आहे असे मी समजेन', आणि विकणारा गप्प राहतो. तिथे ते मौन म्हणजे बोलणेच होय. मित्राने पान मिटले. मला तो तपासणारा आठवला.

माझ्या खिशात किती आहे, मी कुठवर चढेन, हे झाकण्याचा मला अधिकार आहे, असे मी आजही मानतो. ते माझे मन आहे. दुपट्टा त्यासाठीच असतो. तापणारे इंजिन हे काही माझे मन नव्हे. पण मी काही दिवस दुसरेच समाधान करून घेतले: त्यांनी मला व्याजात फसवले, मी त्यांना गाडीत, फिट्टंफाट. यात दोन खोटी होती. एक तर व्याजाची गोष्ट मला मागाहून कळली, गाडीबद्दल मी त्याआधीच गप्प बसलो होतो. म्हणजे सूड आधी घेतला आणि त्याचे कारण नंतर शोधले. दुसरे असे, की जुनी गाडी दुकानदार स्वतःच्या दारात ठेवीत नाही. तो ती पुढे सारतो. आमच्या दोघांच्या घासाघिशीत टेबलापाशी नसलेला एक तिसरा माणूस होता, आणि फिट्टंफाटीचा सगळा हिशेब त्याच्या नावावर पडला होता.

हा तिसरा माणूस एका फोनमुळे मला कळला. चारेक महिन्यांनी, लग्नसराईत. समोरच्या खणात राहिलेल्या सर्व्हिसच्या वहीत त्याला माझा नंबर सापडला होता. उमरेडकडचा, शिवणकाम करणारा. बायकामुलांना घेऊन लग्नाला निघाला होता, आणि आता रस्त्याच्या कडेला वाफा येणाऱ्या बॉनेटसमोर उभा होता. "सर, राग नका मानू," तो म्हणाला, "तुमच्यापाशी होती तवा अशी तापत होती का गाडी?"

"कधीमधी तापायची," मी म्हटले. आणि क्षणभर थांबून, "उन्हाळ्यात."

धर्मराजाचा रथ अर्ध्या सत्याने जमिनीला टेकला म्हणतात. माझी गाडी पहिल्यापासून जमिनीवरच, त्यामुळे मला धक्का बसला नाही.

"बरं झालं सर, तुम्ही खरं सांगितलं," तो म्हणाला. "दुकानवाले तर कबूलच करत नाहीत."

मग त्याने मिस्त्रीचा पत्ता विचारला. तो मी दिला. गाडी तिथे दोन दिवस होती, एवढे मला ठाऊक आहे. खर्च किती आला, हे मी मिस्त्रीला अजून विचारलेले नाही.