वजा आणि ऋण

दुकानाच्या गल्ल्यावर असतो तसला साधा कॅल्क्युलेटर घ्या आणि ८ × − ३ = ही बटणे ओळीने दाबा. आठ गुणिले ऋण तीन म्हणजे ऋण चोवीस. पडद्यावर मात्र बहुधा ५ उमटतील.

यंत्र बिघडलेले नाही. गुणाकाराच्या पाठोपाठ वजाबाकीचे बटण दाबले गेले, की ते असे धरून चालते की आपण विचार बदलला. मग ते गुणाकार सोडून देते आणि आठातून तीन काढते. ‘हे तीन ऋण आहेत’ असे आपण सांगत होतो, त्याला ‘तीन वजा कर’ असे ऐकू आले.

या ५ मध्ये मला सगळा घोटाळा एका जागी सापडतो. एकच आडवी रेघ दोन कामांना जुंपलेली आहे. कधी ती कृती सांगते, यातून हे काढ. कधी ती संख्येचा स्वभाव सांगते, ही शून्याच्या खालची आहे. मराठीत या दोन कामांना दोन शब्द तयार आहेत. पगारातून पाचशे वजा होतात, ती कृती. डोक्यावर पाचशेचे ऋण असते, ती स्थिती. तिथे कोणी काही काढत नसते. आपण वाचताना दोन्हीकडे ‘मायनस’ म्हणून मोकळे होतो आणि हातात असलेला भेद घालवतो.

हा भेद फार जुना आहे. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे, गुणाकाराचे नियम दिले. ऋण हा शब्द त्याने कर्जाच्या व्यवहारातलाच घेतला. पुढे बाराव्या शतकात भास्कराचार्यांच्या बीजगणितात ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देण्याची रीत दिसते. ते टिंब दोन संख्यांच्या मध्ये बसत नाही, एकाच संख्येच्या अंगावर बसते. म्हणून ‘काढून टाक’ असा त्याचा अर्थ कोणी करूच शकत नाही. मला ही खूण आपल्या रेघेपेक्षा अधिक स्वच्छ वाटते.

कॅल्क्युलेटरवर हे टिंब कुठे आहे? बऱ्याच यंत्रांवर अधिक आणि उणे ही दोन्ही चिन्हे एकत्र काढलेले एक बटण असते, ते हेच. आधी ३ दाबायचे, मग ते बटण. पडद्यावर −३ होतात. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर बहुधा कंसातल्या रेघेचे बटण असते आणि ते संख्येच्या आधी दाबायचे असते. दोन्हीकडे वजाबाकीचे बटण निराळे. आता पहिल्या प्रकारच्या यंत्रावर ८ × ३, मग चिन्ह बदलणारे बटण, मग = ; उत्तर −२४.

पण गल्ल्यावरच्या यंत्रावर ते बटण नसले तर? मोठी गंमत अशी की हे यंत्र ऋण संख्या उत्तरात देते, प्रश्नात मात्र घेत नाही. ५ − ८ = केले तर ते बिनतक्रार −३ दाखवते. म्हणून आधी ऋण संख्या उत्तर म्हणून जन्माला घालावी. ० − ३ = दाबा, पडद्यावर −३ आले की × ८ = ; −२४. शून्यातून धन वजा केले की ऋण मिळते, हा ब्रह्मगुप्ताचाच नियम इथे बोटांनी वापरला जातो.

दुकानदार तर तेवढेही करत नाही. २५० ची ३ पाकिटे दिली, ४० च्या २ बाटल्या परत आल्या. तो २५० × ३ करून एम प्लस दाबतो, ४० × २ करून एम मायनस, आणि शेवटी एम आर. उत्तर ६७०. त्याने ऋण संख्या एकदाही लिहिली नाही. साठवणीतल्या बेरजेतून ८० वजा केले. ऋण ऐंशी मिळवणे आणि ऐंशी वजा करणे यांचे फळ एकच, म्हणून तर कागदावर एका रेघेत दोन्ही कामे भागतात.

भागत नाहीत ती वर्गाच्या ठिकाणी. बहुतेक सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर −३² असे लिहिले तर उत्तर −९ येते. यंत्र आधी तीनचा वर्ग करते, चिन्ह मागून लावते. ऋण तीनचा वर्ग हवा असेल तर (−३)² असा कंस घालावाच लागतो, मग ९. एक्सेलमध्ये मात्र =-३^२ याचे उत्तर ९ मिळते. तिथे सुरुवातीची रेघ संख्येला चिकटलेली मानतात, जणू भास्कराचार्यांचे टिंबच. त्याच्याआधी एक शून्य टाका, =०-३^२, आणि उत्तर −९. शून्य आल्याबरोबर तीच रेघ दोन संख्यांच्या मध्ये आली आणि ऋण होती ती वजा झाली.