कार्योत्तर मंजुरी

फिजी म्हटले की आमच्या पिढीस प्रथम गिरमिटिया मजूर आठवतात. १८७९ साली 'लिओनिडास' या जहाजातून त्यांची पहिली तुकडी त्या बेटांवर उतरली आणि १९१६ पर्यंत साठ हजारांहून अधिक भारतीय उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी तेथे नेले गेले. तोताराम सनाढ्य यांचे त्याविषयीचे हिंदी पुस्तक आपल्यापैकी काहींनी वाचलेही असेल. परंतु आज लिहावयाचे आहे ते त्या इतिहासाविषयी नव्हे. सुमारे सव्वातीनशे बेटे आणि नऊ लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या या देशाने जगात नाव मिळविले ते रग्बीमुळे, त्यातही सात जणांच्या रग्बीमुळे. त्या खेळातील फिजीच्या स्त्रियांच्या संघाने, ज्यास 'फिजियाना' म्हणतात, आम्हांस एका जुन्याच नैतिक प्रश्नाकडे नव्याने पाहावयास लावले. एखादी गोष्ट करण्याची मुभा आणि ती उत्तम केल्याबद्दलचा गौरव, या दोहोंची समाजाने गल्लत केली तर तो अन्याय कोणाच्या वाट्यास येतो?

हा खेळ ज्यांच्या परिचयाचा नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. पंधरा जणांचे रग्बी ज्या मैदानावर खेळतात, त्याच मैदानावर येथे दोन्ही बाजूंस सातच खेळाडू असतात आणि सात-सात मिनिटांत सामना आटोपतो. १८८३ साली स्कॉटलंडमधील मेलरोज या गावी या प्रकाराचा जन्म झाला. मैदान विस्तीर्ण आणि माणसे थोडी, त्यामुळे कोणास लपावयास जागा नाही.

फिजीत रग्बी हा मूळ रहिवाशांचा जीव की प्राण. भारतीय वंशाच्या लोकांचा ओढा अधिक फुटबॉलकडे. पुरुषांच्या राष्ट्रीय संघाने आपला पहिला सामना १९२४ साली सामोआतील आपिया येथे खेळला. यजमान खेळाडूंना नंतर कामावर जावयाचे होते म्हणून तो सकाळी सात वाजता सुरू झाला आणि मैदानाच्या मध्यभागी एक मोठे झाडही उभे होते, अशी हकीकत तेथे मोठ्या प्रेमाने सांगितली जाते. १९५६ पासून ऑलिंपिकमध्ये भाग घेणाऱ्या या देशास पहिले पदक मिळावयास २०१६ साल उजाडले. रिओ येथे पुरुषांच्या संघाने ब्रिटनचा ४३-७ असा पराभव करून सुवर्णपदक जिंकले. देशाने सार्वजनिक सुट्टी दिली आणि पुढील वर्षी त्या विजयाच्या स्मरणार्थ चक्क सात डॉलरची नोट काढली. त्याच रिओत फिजीच्या स्त्रियांचा संघ आठवा आला होता.

त्या आठव्या क्रमांकामागे काय होते हे पाहिले पाहिजे. मुलींचा खेळ म्हणजे नेटबॉल, अशी तेथील सर्वसाधारण धारणा. सुवा येथील दक्षिण प्रशांत विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ योको कानेमासू यांनी फिजीतील रग्बी खेळणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला आहे. घरच्यांचा विरोध, गावाचा उपहास, 'पुरुषी' म्हणून केलेली हेटाळणी आणि साधनांची चणचण, हे सारे सोसून या स्त्रिया खेळत राहिल्या असे त्यातून दिसते. कोणी बोलाविले नव्हते, तरी त्या मैदानावर गेल्या.

मग २०२१ चा जुलै आला. फिजीत कोरोनाची भीषण लाट होती, रात्रीची संचारबंदी होती. टोकियोत फिजियानाने उपान्त्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियास १४-१२ असे नमविले. ऑस्ट्रेलिया म्हणजे रिओचा विजेता संघ! उपान्त्य सामन्यात न्यूझीलंडकडून त्या जादा वेळेत हरल्या, आणि ३१ जुलै रोजी रुसिला नांगासाऊ हिच्या नेतृत्वाखाली ब्रिटनला २१-१२ असे हरवून त्यांनी कांस्यपदक मिळविले. फिजीच्या स्त्रियांचे ते पहिले ऑलिंपिक पदक. देश आनंदला, 'आमच्या मुली' म्हणू लागला.

आमचे आयुष्य सरकारी नोकरीत गेले, म्हणून येथे आम्हांस कचेरीतील एक शब्द आठवतो. एखादे काम तातडीने, वरिष्ठांची परवानगी न घेता उरकले गेले, की मागाहून त्यास मान्यता मिळवीत. इकडच्या सरकारी हिंदीत ती 'कार्योत्तर स्वीकृति'. मराठीत कार्योत्तर मंजुरी म्हणावे. या मंजुरीचे एक वैशिष्ट्य असे की, काम चांगले झाले असेल तर ती सुखाने मिळते आणि पुढे ते काम वरिष्ठांच्या दूरदृष्टीचे फळ म्हणून अहवालात नोंदले जाते. काम बिघडले तर मात्र परवानगी कोठे आहे ते विचारले जाते, आणि वसुली निघते ती करणाऱ्याच्याच पगारातून. जोखीम एकाची, यश दोघांचे, अपयश पुन्हा एकाचे. फिजीच्या समाजाने आपल्या मुलींस दिली ती अशी मंजुरी होती, असे आम्हांस वाटते.

यावर कोणी म्हणेल, यात वावगे काय? गौरव हा मिळवावाच लागतो. जिंकण्याआधी हार कोण घालणार? हे म्हणणे खोटे नाही. गौरवाची अट कर्तृत्व हीच असावी आणि आठव्या आलेल्या संघासाठी कोणी नोट छापावी असे आमचेही म्हणणे नाही. परंतु मैदानावर जाण्याची मुभा ही गौरवाच्या पेटीत ठेवण्याची वस्तू नव्हे. १९५६ ते २०१६ अशी साठ वर्षे फिजीच्या पुरुषांना ऑलिंपिकमध्ये एकही पदक मिळाले नाही, म्हणून एखाद्या गावाने आपल्या मुलास चेंडू घेऊन बाहेर पडू नकोस असे सांगितल्याचे ऐकिवात नाही. मुलगा हरला तर तो हरलेला खेळाडू. मुलगी हरली तर 'हिला तेथे जावयास सांगितले होते कोणी?' हा फरक पदकाने पुसला जात नाही. उलट पदकामुळे तो झाकला जातो, कारण आता सर्वांनाच वाटू लागते की आपण पहिल्यापासून यांच्या पाठीशी होतो.

तो आनंद ढोंगी होता असे मात्र आम्ही म्हणणार नाही. संचारबंदीत घरात अडकून पडलेल्या माणसांच्या डोळ्यांत आलेले पाणी खरेच असणार. पूर्वी उपहास केलेला माणूस उद्या मनापासून आनंदू शकतो, आणि त्यास तसे आनंदू द्यावे. अडचण वेगळीच आहे. या आनंदाने देणे फिटते ते पदक गळ्यात पडलेल्यांचे. ज्या त्यांच्या आधी खेळल्या, कोठल्याही यादीत न येता थांबल्या, त्यांच्या सोसण्यावरच हा संघ उभा राहिला. त्यांच्या नावे कोणती मंजुरी निघाली?

टोकियोनंतरचा काळ भरभराटीचा गेला. २०२२ साली पंधरा जणींच्या फिजियाना संघाने ऑस्ट्रेलियातील 'सुपर डब्ल्यू' स्पर्धेत पहिल्याच वर्षी विजेतेपद पटकाविले. त्याच साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत सात जणींच्या संघास रौप्यपदक लाभले. आणि मग जुलै २०२४ मध्ये पॅरिस. पुरुषांनी रौप्यपदक मिळविले. स्त्रियांचा संघ एकही सामना जिंकू शकला नाही. चीनकडूनही हरला आणि बारा संघांत बारावा आला.

आमच्या मते या संघाच्या कहाणीतील कसोटीचा क्षण टोकियोचा नव्हे, हा आहे. त्या पराभवांनंतरच्या आठवड्यात विती लेवूवरील एखाद्या खेड्यात एखाद्या बारा वर्षांच्या मुलीने संध्याकाळी आईस विचारले असेल, मैदानावर जाऊ का? तिला मिळालेले उत्तर २०१६ पूर्वीचे होते की २०२१ नंतरचे, एवढेच आम्हांस जाणून घ्यावयाचे आहे.