शिळं पाणी

लंडनच्या पश्चिमेला, रेडिंगमधल्या आमच्या घरात, बॉइलरच्या पोटाशी एक लहानशी तबकडी आहे. घरातल्या नऊ रेडिएटरांमधून फिरणाऱ्या पाण्याचा दाब तिच्यावरचा काटा दाखवतो. पाणी गार असताना काटा एक ते दीड बारच्या दरम्यान असावा, तापल्यावर थोडा चढावा आणि निवल्यावर पुन्हा जागेवर यावा. हे पाणी बंदिस्त असतं. नळाला येत नाही, वापरलं जात नाही, संपतही नाही. तेव्हा रेडिएटरमधली हवा आपण सोडलेली नसताना काटा दिवसेंदिवस उतरत असेल, तर पाणी कुठून तरी बाहेर चाललंय असं समजावं.

एका वर्षी ऑक्टोबरात हीटिंग सुरू केलं आणि पंधरा दिवसांत काटा अर्ध्यावर आला. बॉइलरखाली विणीच्या आवरणाची एक नळी असते. तिच्या दोन्ही टोकांच्या तोट्या उघडल्या की ताजं पाणी आत शिरतं. मी काटा दीडवर आणला आणि तोट्या बंद केल्या. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. नोव्हेंबरात ते आठवड्याला करावं लागलं, नाताळात एक दिवसाआड, आणि जानेवारीत रोज सकाळी, चहाचं आधण ठेवण्याआधी. जमिनीवर ओल नव्हती, छतावर डाग नव्हता. दिसत नाही म्हणजे फार नसेल, असं मी धरून चालले.

मग मागच्या खोलीत कुबट वास येऊ लागला आणि दाराजवळच्या लाकडी फळ्यांच्या कडा उचलल्या गेल्या.

प्लंबर आला तो साठीचा, शांत माणूस होता. अवजारांची पेटी उघडण्याआधी त्यानं विचारलं, ‘पाणी किती वेळा भरता?’ मी सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि कामाला लागला.

आधी तो घराबाहेर गेला. तिथे भिंतीतून तांब्याची एक वाकडी नळी बाहेर येते. आतला दाब तीन बारवर गेला तर झडप उघडते आणि पाणी या नळीतून बाहेर पडतं. पाणी गार असतं त्यापेक्षा ऐंशी अंशांना सुमारे तीन टक्के फुगतं. त्या फुगवट्याला जागा मिळावी म्हणून बॉइलरमध्ये रबरी पडद्याची, हवा भरलेली टाकी असते. ती निकामी झाली तर हीटिंग तापलं की पाणी या वाटेनं गुपचूप जातं. त्यानं नळीच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधली. मग प्रत्येक रेडिएटरच्या व्हॉल्व्हला आणि सांध्याला कोरडा टिशू गुंडाळला. शेवटी, हीटिंग चालवून झाल्यावर, बॉइलर बंद करून त्याच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याच्या चाव्याही रात्रभर बंद ठेवायला सांगितल्या.

सकाळी पिशवी कोरडी होती आणि काटा जागचा हलला नव्हता. म्हणजे बॉइलर धड होता, गळती घराच्या अंगात होती. एका रेडिएटरखालचा टिशू मात्र तांबूस भिजला होता. तिथे पत्र्याला गंजाचा फोड येऊन सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. पण एवढ्याशा भोकानं रोजचा हिशेब जुळत नव्हता. म्हणून मागच्या खोलीतल्या फळ्या उचलल्या. दाराजवळ जमीन ओली होती, पण सांधा सुटला होता तो खिडकीच्या भिंतीशी, सात-आठ फूट दूर. त्याच्याभोवती हिरवट-पांढरं कडं धरलं होतं. नळी तापलेली असताना थेंब जागीच वाळून जायचा, रात्री ती निवली की पाझर वाढायचा आणि पाणी तुळईवरून वाट काढत दारापर्यंत यायचं.

दुरुस्तीसाठी त्यानं सगळं पाणी काढलं तेव्हा बादलीत शाईसारखं काळं पाणी पडलं. तळाशी बसलेला गाळ चुंबकाला चिकटला. तो रेडिएटरांच्या आतून झिजलेल्या लोखंडाचा गंज होता. प्लंबरनं जे समजावलं ते मी विसरले नाही. नव्यानं भरलेल्या पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो आणि तो लोखंड खातो. खाऊन संपला की पाणी जवळजवळ निरुपद्रवी होतं, त्यात गंजरोधक द्रव्य असेल तर आणखीच. अशा घरात पाणी जितकं जुनं तितकं चांगलं. मी रोज सकाळी ताजं पाणी भरत होते, म्हणजे रोज गंजाला नवा घास देत होते, आणि द्रव्य पातळ करत होते ते वेगळंच. सांधा आधी सुटला होता. रेडिएटरचं भोक माझ्या भरण्यातून आलं होतं.

लहानपणी आमच्या घरी आई रोज सकाळी शिळं पाणी झाडांना ओतायची, चिंचेनं घासलेला तांब्याचा हंडा ताज्या पाण्यानं भरायची. ताजं ते चांगलं, ही समजूत माझ्या हाडात आहे. इथे ती उलटी पडली. भरलेला काटा पाहून मनाला जे बरं वाटत होतं, त्या बरं वाटण्यातच दुखणं वाढत होतं.

हे समजल्यावर मला राजापूरकडचं आमचं कौलारू घर आठवलं. पावसात थेंब टपकला की आई खाली भांडं ठेवायची, आणि वडील, म्हणजे अण्णा, बॅटरी घेऊन माळ्यावर चढायचे. ओल्या वाशावर बोट ठेवून उलटं मागे मागे जायचे आणि जिथून पाणी शिरतंय तिथे कोळशानं खूण करायचे. ‘थेंब पडतो तिथलं कौल फुटलेलं नसतं,’ म्हणायचे. उघडीप मिळाली की खुणेवरचं कौल बदललं जायचं.

अण्णा गेल्यानंतर दर जूनमध्ये चुलतभावाचा फोन येतो. ‘ताई, पडवीत गळतंय.’ मी त्याच दिवशी पैसे पाठवते. चार कौलं बदलली जातात. पुढच्या जूनला पुन्हा तोच फोन, पुन्हा तीच पडवी. सात वर्षं असं चाललं. लांब राहणाऱ्या मुलीनं आपल्या परीनं केलं, असं समाधान मला मिळायचं. ते खोटं नव्हतं, पण पैसे पाठवणं ही माझी विणीच्या आवरणाची नळीच झाली होती.

बॉइलरच्या त्या हिवाळ्यानंतर मे महिन्यात मी गेले आणि भावाबरोबर माळ्यावर चढले. वळचणीजवळचा एक वासा वाळवीनं पोखरून खचला होता. त्यामुळे त्या जागची कौलं दर पावसात सरकत होती, नवी असोत की जुनी. वासा बदलला. खर्च आला तो दोन वर्षांच्या कौलांएवढा.

इंग्लंडमध्ये गॅस बॉइलरचं आवरण उघडून आत काम करायचं, तर गॅसच्या कामासाठी नोंदणी असलेलाच माणूस लागतो आणि ते योग्यच आहे. पण टिशू गुंडाळणं, पिशवी बांधणं, काट्याकडे बघणं हे घरातल्या कुणालाही जमतं. प्लंबरनं जाताना एकच गोष्ट सांगितली: भरण्याआधी लिहून ठेवा. तेव्हापासून बॉइलरशेजारी एक वही टांगलेली आहे, तारीख आणि आकडा. महिन्यातून एक नोंद पुरते, आणि आकडा बदलत नाही.

भावाचा फोन आला की पैशांचं बोलण्याआधी मी विचारते, ‘वर चढून पाहिलंस का?’ तो आता माळ्यावरूनच फोन करतो.