पडली, की पाडली?

(वाचन : निर्गम ३२:१-२४)

एका रविवारी आम्ही संडे स्कूलच्या लहान वर्गात मागच्या बाकावर बसलो होतो. वर्ग सुटण्याच्या सुमारास मेजावरची फुलदाणी खाली आली. पाणी, झेंडूची फुले, काचा, सगळे जमिनीवर. शेजारी उभ्या असलेल्या सहासात वर्षांच्या मुलाने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि तो म्हणाला, "बाई, फुलदाणी पडली." बाई अनुभवी. त्यांनी न रागावता विचारले, "पडली, की पाडली?" मुलगा थोडा वेळ काचांकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "माझ्या हातून पडली."

नंतर सुपरिंटेंडेंट साहेब आले. त्यांनी बाईंकडे हजेरीचे पुस्तक मागितले. बाई म्हणाल्या, "अहो, मागच्या तीन रविवारांची हजेरी लिहायची राहून गेली." आम्हांला वाटले, आता साहेब विचारणार, राहून गेली की ठेवली? पण त्यांनी विचारले नाही. शाळेचा तिमाही अहवाल त्यांच्याकडूनही राहून गेलेला होता.

आपली मराठी भाषा मोठी दयाळू आहे. तिच्यात काच फुटते, दोरी तुटते, शब्द सुटतो. फोडणारा, तोडणारा, सोडणारा कोण, ते सांगावे लागत नाही. आपल्याला उशीर होतो, विसर पडतो, बोलणे होऊन जाते. रागाच्या भरात तोंडातून शब्द जातो. जणू शब्द आपल्या पायांनी बाहेर गेला आणि आपण घरातच होतो! भावाभावांत वितुष्ट येते. कोणत्या गाडीने आले, स्टेशनावर त्याला उतरवून घ्यायला कोण गेले होते, याची चौकशी कोणी करीत नाही. वाऱ्यानेही फुलदाण्या पडतात, हे आम्हांला मान्य आहे. पण आमच्या आयुष्यात वारा फार झाला, असे अलीकडे आम्हांला वाटू लागले आहे.

या विद्येत अहरोनाची बरोबरी करणारा माणूस शास्त्रात दुसरा नसेल. मोशे डोंगरावर होता, आणि खाली लोकांनी अहरोनाकडे देव मागितला. मोशे परत आला, वासरू पाहिले आणि त्याने भावाला जाब विचारला. अहरोनाचे उत्तर वाचून पाहा. लोक वाईटाकडे ओढ घेणारे आहेत, हे तो प्रथम सांगतो. खरे आहे. त्यांनी माझ्याकडे देव मागितला, म्हणतो. तेही खरे. मी सोने मागितले, त्यांनी दिले, मी ते अग्नीत टाकले. येथपर्यंत सगळा हिशेब बरोबर. मग शेवटची नोंद येते, की अग्नीतून हे वासरू बाहेर निघाले. निघाले! त्याच अध्यायाच्या चौथ्या वचनात मात्र हत्यार घेऊन त्या सोन्याला आकार देणारा अहरोनच आहे. वासराचे कान आणि खूर कोरताना त्याने जी मेहनत घेतली असेल, ती सगळी त्याने अग्नीच्या नावावर जमा केली. एरवी आपल्या कामाचे श्रेय दुसऱ्याला देणारी माणसे मंडळीत क्वचित भेटतात.

शौल राजाची रीत थोडी वेगळी. अमालेक्यांचे सर्व काही नष्ट करावे अशी आज्ञा असता त्याने त्यांचा राजा आणि उत्तम गुरेमेंढरे राखून ठेवली, आणि शमुवेल भेटीला आला तेव्हा आपण आज्ञा पाळली असे त्याला सांगितले. त्याच वेळी मागे मेंढरे ओरडत होती. मेंढरांना व्याकरण येत नाही, म्हणून ती खरे बोलून गेली. मग शौलाने जे उत्तर दिले (१ शमुवेल १५:१५), त्याचा कर्ता कसा बदलतो ते शिक्षकांनी मुलांना अवश्य दाखवावे. चांगली जनावरे राखली ती लोकांनी. बाकीची नष्ट केली ती आम्ही. ठपक्याच्या वाक्यात लोक, शाबासकीच्या वाक्यात आम्ही. आणि राखली तीही कशासाठी, तर देवाला यज्ञ करण्यासाठी. मंडळीच्या कामात 'देवासाठी' हा शब्द कोठे कोठे उपयोगी पडतो, हे पंचांच्या सभेत बसलेल्यांना ठाऊक आहे.

एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. या दोघांनीही सबंध खोटे सांगितलेले नाही. सबंध खोटे दुसऱ्यासाठी लागते. स्वतःला फसवायचे असेल तर खरेच लागते. बऱ्याच खऱ्या गोष्टी आणि मध्ये एक क्रियापद बदललेले. दुसऱ्याला फसवणारा निदान आपण काय लपवले हे जाणून असतो. स्वतःला फसवणाऱ्याला तेही ठाऊक राहत नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्याच घरचे आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झाली. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या पाच वर्षांतला आपला राग, आपले सोवळे, आपला हट्ट आणि आपली फजिती बाईंनी काही न झाकता लिहिली आहे. त्यांच्या पुस्तकात गोष्टी आपोआप घडत नाहीत. लक्ष्मीबाई त्या करतात, आणि मग स्वतःला हसतात. वाचणारा हसतो आणि त्यांच्यावर विश्वास ठेवतो.

आम्हांला ते साधलेले नाही. बेळगावात आमच्या मंडळीत एक वृद्ध बाई होत्या. टिळकवाडीच्या रेल्वे गेटापलीकडे एका खोलीत एकट्या राहत. पाय अधू झाले, डोळ्यांना दिसेनासे झाले, उपासनेला येणे बंद झाले. त्यांनी शेजारच्या मुलीबरोबर निरोप पाठवला, की एकदा येऊन स्तोत्रे वाचून दाखवा. आमच्या घरापासून सायकलीने दहा मिनिटांची वाट. आम्ही हो म्हटले. पहिल्या आठवड्यात पाऊस फार होता. दुसऱ्या आठवड्यात संडे स्कूलचा वार्षिक समारंभ होता. तिसऱ्या आठवड्यात आम्ही खरोखर निघालो, तर गेट पडलेले आणि मालगाडी लांबलचक. आम्ही सायकल वळवली. बेळगावच्या माणसाला गेटाचे कारण लगेच पटते, त्यामुळे आम्हांलाही ते पटले. चौथ्या आठवड्यात काय झाले ते आठवत नाही. पाचव्या आठवड्यात पाळकसाहेबांनी दफनविधीची वेळ कळवली.

कबरस्तानातून परतताना ती शेजारची मुलगी भेटली. आम्ही तिला म्हणालो, "यायचे राहून गेले बघ." ती म्हणाली, "आजी रोज पाच वाजता खुर्ची पुसून ठेवायला सांगायची."

पाऊस खरा होता. समारंभ खरा होता. मालगाडी तर आम्ही डोळ्यांनी पाहिली. पण मालगाडी काही पाच आठवडे लांब नव्हती. येथे आम्ही 'आम्ही' लिहितो आहोत ती मासिकाची जुनी रीत; त्या संध्याकाळी गेटाजवळ सायकल वळवणारा माणूस एकच होता. रविवारी सर्वांबरोबर 'आम्ही पापी आहोत' असे म्हणणे जड जात नाही. पण तेच म्हणून बाहेर पडलेल्या माणसाला पटांगणात कोणी सांगावे, की तुमच्याकडची वर्गणीची वही जुळत नाही, मग पाहा.

अहरोनाच्या त्या उत्तरावर मोशे काय बोलला, हे शास्त्रात नाही. अध्याय संपताना मात्र पवित्र लेखक ते क्रियापद शांतपणे जागेवर ठेवतो: अहरोनाने केलेले वासरू. मोशेने भावासाठी प्रार्थना केली, असे अनुवाद ९:२० मध्ये आहे. अहरोन वाचला. एवढेच नव्हे, तर पुढे तोच याजक झाला. लेवीय ९ मध्ये त्याच्या याजकपणाचा पहिला दिवस आहे, आणि त्या दिवशी त्याला पापार्पणासाठी काय आणायला सांगितले, ते पाहण्यासारखे आहे. एक वासरू. अहरोन वेदीजवळ गेला आणि त्याने ते कापले. ते त्याच्या स्वतःसाठी होते. लोकांसाठी बकरा वेगळा आणलेला होता, आणि त्याची पाळी नंतर आली.