नजर आणि कबुली

२१ डिसेंबर २०२०ची संध्याकाळ. टाळेबंदी सैल झाली होती, पण तोंडावरचे मास्क अजून सुटले नव्हते. गुरू आणि शनी त्या दिवशी एकमेकांना जवळजवळ चिकटलेले दिसणार, असं वर्तमानपत्रांत आलं होतं. मीरा रोडच्या इमारतींमधून आकाश तुकड्यातुकड्यांनीच दिसतं. म्हणून मगरिबची नमाज आटोपून आम्ही घरची चार माणसं घोडबंदर रस्त्यावरच्या चेण्याला गेलो. चेणे नदीपाशी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर अंधारात बुडाला होता आणि नैर्ऋत्येला, खाली, ते दोन ग्रह अगदी शेजारी शेजारी होते. गुरू ठळक, शनी फिकट. दिसायला एकजीव; प्रत्यक्षात दोघांमध्ये सुमारे ७३ कोटी किलोमीटरचं अंतर.

आम्ही फलज्योतिष मानत नाही. पण त्याची भाषा वाचायला आम्हाला आवडते, कारण त्या भाषेत आपले शब्द भेटतात. आपल्याकडे वर्षफल मांडण्याची जी 'ताजिक' पद्धत आहे, तिच्या सोळा योगांची नावं पाहा : इक्कबाल, इत्थशाल, ईसराफ, कंबूल, गैरिकंबूल, रद्द... संस्कृत ग्रंथातली ही यादी आपल्या कानाला परकी वाटत नाही. इक्कबाल म्हणजे इक्बाल, इत्थशाल म्हणजे अरबी इत्तिसाल, कंबूल म्हणजे कबूल. 'ताजिकनीलकंठी' लिहिणारे नीलकंठ दैवज्ञ अकबराच्या काळातले, मूळच्या विदर्भातल्या घराण्यातले. ग्रंथाचं साल १५८७. त्याच्या तीनशे वर्षं आधी गुजरातेत समरसिंहाने ही विद्या संस्कृतात मांडली होती. तिचे अरबी भाषेतले जुने आचार्य तरी सगळे मुसलमान कुठे होते? इ.स. ७६२मध्ये बगदादच्या पायाभरणीचा मुहूर्त काढणाऱ्यांत बसऱ्याचा माशाअल्लाह होता, तो यहुदी. आणि त्यांनीही पुष्कळसं घेतलं ते ग्रीकांकडून.

या विद्येत ग्रह एकमेकांशी कसे वागतात? आधी नजर. ठरावीक अंतरावरून एक ग्रह दुसऱ्याला पाहतो. वेगवान ग्रह मंद ग्रहाच्या नजरेकडे सरकत असेल तर इत्तिसाल, म्हणजे जोडलं जाणं. पुढे निघून गेला असेल तर ईसराफ, वेळ टळली. दोघांची नजरभेटच होत नसेल, तर तिसरा चपळ ग्रह एकाचा प्रकाश दुसऱ्यापर्यंत पोचवतो, आपल्याकडच्या मध्यस्थासारखा. पण नुसत्या नजरेने काम होत नाही. अरबी ग्रंथकार पुढे कबूल पाहतात. प्रत्येक राशीला धनी असतो. ग्रह दुसऱ्याच्या राशीत गेला की तो पाहुणा. त्या घरधन्याशीच त्याचा इत्तिसाल होत असेल, तर धनी त्याला कबूल करतो आणि नजर कठोर असली तरी काम निभावतं. धनी दुबळा असेल, वक्री असेल, सूर्याच्या तेजात हरवला असेल, तर आलेलं परत करतो. तो रद्द. नीलकंठांपर्यंत येता येता कंबूलचा अर्थ बदलला, त्यात चंद्राचं येणं आवश्यक झालं. शब्दही पाहुणेच; नव्या घरी गेले की तिथल्या रीतीने राहतात.

त्या संध्याकाळी गुरू मकरेत होता. ती त्याची नीच रास, आणि घर शनीचं. जुन्या हिशेबाने पडत्या काळातला पाहुणा कडक यजमानाच्या दारी आला होता, आणि तरी कबूल होता.

आम्ही हे रंगवून सांगत होतो, तेव्हा भाची मध्येच म्हणाली, "मामू, ग्रहांचंसुद्धा कबूल विचारतात. मला कुणी विचारलं?"

आम्ही गप्प झालो. त्या आठवड्यात तिच्या स्थळाची बोलणी चालू होती. घरातल्या मोठ्यांनी दोघांची नावं एका जाणत्याकडे नेली होती. त्याने अबजदच्या हिशेबाने अक्षरांचे आकडे काढले, बुर्ज जुळवले आणि 'जोडी ठीक आहे' असं सांगितलं. शेजारच्या पत्रिका जुळवण्याला आपण हसतो. आपल्या घरात तेच 'आपल्या पद्धतीने' चाललेलं असतं. आम्ही तिथे हजर होतो. आम्हीही तिला विचारलं नव्हतं.

आणि हे सारं आपल्या दीनमध्ये कुठे बसतं? प्रेषितांचे (स.) पुत्र इब्राहिम यांच्या निधनाच्या दिवशी सूर्याला ग्रहण लागलं. लोक म्हणू लागले, त्या मृत्यूमुळेच. दुःखात बुडालेल्या बापाला तो समज सोयीचा होता. त्यांनी तो जागच्या जागी खोडून काढला : कुणाच्या मरणाने वा जन्माने ग्रहण लागत नाही. किब्ला आणि नमाजच्या वेळा ठरवण्यासाठी आपल्या विद्वानांनी आकाशाचं गणित केलं. पण ताऱ्यांवरून भाकीत करण्याविरुद्ध इब्न सीना यांनी स्वतंत्र प्रबंध लिहिला, इब्न खल्दून यांनी 'मुकद्दिमा'त त्याचं खंडन केलं.

त्यांचा मुद्दा ज्ञानाचा होता : हे खरं कशावरून? आम्हाला त्याला जोडून नैतिक प्रश्न विचारावासा वाटतो. आकाशाला विचारून आपण नक्की कुणाला विचारायचं टाळतो? निकाहात मुलीची कबुली ही अटच आहे. पण व्यवहारात वकील आणि साक्षीदार आतल्या खोलीत जातात, बायकांच्या गराड्यात ती मान खाली घालून बसलेली असते, आणि तिच्या गप्प राहण्याला आपण होकार म्हणतो. तोवर पत्रिका छापलेल्या असतात, हॉल ठरलेला असतो. त्या घडीला नाही म्हणण्याची जागा तिला उरलेलीच नसते. जिथे रद्द म्हणता येत नाही, तिथल्या कबूलला अर्थ काय? ग्रहांच्या यादीत तरी हे दोन्ही शब्द आहेत.

गुरू-शनीची ती जवळीक आपल्या डोळ्यांपुरती होती. आकड्यांनी जुळवलेली जोडीही अशीच, लांबून पाहणाऱ्यांना जुळलेली दिसते. मधलं अंतर फक्त त्या दोघांना माहीत, आणि ते त्यांनाच विचारावं लागतं.

चेण्याहून परतताना गाडीत आम्ही तिला विचारलं. उशिराच विचारलं. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली, मग म्हणाली, "आधी त्याच्याशी एकदा बोलू तर द्या."

घरी पोचल्यावर आम्ही तिच्या अम्मीला तेवढंच सांगितलं.